एका गुडघ्यावर उभा निकाल

गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट जोडायची आपली नवी पद्धत जुनीपेक्षा सरस ठरली, म्हणून सर्जनसाहेब सकाळपासून घरभर शीळ घालत फिरत होते. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बायकोने सगळे आकडे तपासले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"निकाल आहे, पण एका गुडघ्यावर उभा आहे. तू बरे झाले म्हणून मोजलेल्या रुग्णांपैकी एकाचा जरी गुडघा दुखरा निघाला, तरी नवी पद्धत सरस आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही."

"दृष्ट लावू नकोस. दुखरा निघेलच कसा? प्रत्येकाला मी स्वतः समोर बसवून विचारलंय. तुझ्या बाबांनासुद्धा! ते काय म्हणाले माहितीये? 'जावईबापू, गुडघा कसला, घोडा झालाय नुसता!'"

ती गालातल्या गालात हसली. तिने माहेरी फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

"बाबा, ऑपरेशन केलेला गुडघा आता कसा आहे हो?"

 पलीकडून बाबांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं,

"जावईबापू जवळपास नाहीत ना गं?"