कापलेला तुकडा

विहीर खोदायच्या क्रेनचा हातभर पोलादी दोर दगडाबाईनं पदराखालून काढून तुळजापूरच्या माल तपासायच्या प्रयोगशाळेत कोंडीरामसमोर ठेवला. "ह्याच दोरानं आमचं मालक रोज विहिरीत उतरत्यात. वर उरलेलं टोक म्या गुपचूप कापून आणलं. तेवढं तपासा, साहेब." नियम बाजूला ठेवून कोंडीरामनं तो तुकडा यंत्राच्या जबड्यांत आवळला, कळ दाबली. काटा ठरलेल्या भाराच्या निम्म्यावरही पोचला नव्हता, तोच दोर ताडकन तुटला. "बाई, त्यांना उतरू देऊ नका. फोन लावा." "सकाळीच उतरल्यात. फोन काठावर, सदऱ्यात." तरीही तिनं लावला. क्रेनच्या खडखडाटात तो कोण ऐकणार? रिंग वाजून वाजून थांबली. दोन्ही तुटकी टोकं पदरात धरून ती जुळवू लागली. "म्या कापला तेवढाच तुकडा कच्चा असंल न्हवं, साहेब?" तीस वर्षं एका तुकड्यावरून अख्ख्या मालाचा दाखला देणाऱ्या कोंडीरामनं तिचा फोन उचलून पुन्हा तोच नंबर लावला.