हाय लेथवरची राख

डबा उघडायचा नाही, असं केल्व्हिन फेदरनं तिसऱ्यांदा सांगितलं. तो या माळाचा रखवालदार. फाटकात आडवा उभा होता, आणि त्याच्यासमोर वाचक मंडळाची माणसं थर्मास आणि काठ्या सावरत ताटकळली होती.

ऑड्री मिजलीनं राखेचा डबा पोटाशी घट्ट धरला. वर, चढाच्या टोकाला, हाय लेथचं पडकं घर दिसत होतं. गावातल्या कादंबरीवाल्या बाईनं आपल्या गोष्टीतलं घर यावरूनच रचलं, असं मंडळ मानतं. म्हणून जगभरातले वाचक ही वाट चढून येतात, आणि अलीकडे कितीतरी जण आपल्या माणसांची राखही बरोबर आणतात.

"मिजलीबाई, माझं तुमच्याशी वैर नाही," केल्व्हिन म्हणाला. "पण या राखेनं वरची झुडपं मेली. हेदरचं जांभळं फुलझाड उगवायचं थांबलंय. मालकांनी पाटी लावलीय ती काय शोभेला?"

"पाटी मला वाचता येते."

तेवढ्यात मंडळाची चिटणीस प्रुडन्स हार्टली पुढे सरसावली. ऑड्रीचा नवरा लायनेल मंडळाचा अध्यक्ष होता. तो मार्चमध्ये गेला, आणि तेव्हापासून प्रुडन्स अशी वावरत होती की परक्याला वाटावं, विधवा हीच. तिनं केल्व्हिनला फैलावर घेतलं. लायनेलनं या वाटेसाठी जन्म घालवला, वळणावळणावरचे बाण स्वतः रंगवले, माझी राख हाय लेथलाच, असं तो दर सभेत सांगायचा, आणि अशा माणसाला अडवणारा तू कोण, असं बरंच काही ती बोलली.

ऑड्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "प्रुडन्स, तू गप्प बस. माझं मी बघते."

प्रुडन्स हिरमुसली. मंडळातल्या म्हाताऱ्या हर्बर्ट रॅम्सडेनचा टेरियर दोरी ताणून आला आणि डब्याला नाक लावून शेपूट हलवायला लागला. हर्बर्टनं ओशाळून त्याला मागे ओढलं. ऑड्रीनं त्याच्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे. मंडळाच्या सहलीला कुत्रं? कुत्र्यांनी वाचनाचा विचका होतो, असा लायनेलचा नियम होता, आणि तो कधी कुणी मोडला नव्हता.

प्रुडन्सनं घाईघाईनं खुलासा केला. या महिन्यापासून कुत्र्यांना परवानगी दिली होती, फक्त दोरी हवी, कारण मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. लायनेल ऐकायचा नाही, पण आता म्हटलं करून टाकावं. "आणि खरं सांगू का, काहीसुद्धा अडत नाही गं. तुझा मॉस नाही आणलास?"

"मॉस गेला. फेब्रुवारीत."

"अगं बाई. बोलली नाहीस ती."

"आत्ता परवानगी दिलीत?" ऑड्रीचा आवाज चिरका झाला. "दर वर्षी त्या नियमाला हात कोण वर करत होतं? तूच ना? आणि हर्बर्ट, तूसुद्धा. तोंडातून ब्र काढला नाहीत कधी. आणि आता म्हणे काही अडत नाही!"

नवऱ्याची राख अजून निवली नाही तोच त्याचा शब्द मोडला, बिचारीला लागणारच, असं सगळ्यांना वाटलं. प्रुडन्सनं हळूच सुचवलं, नियम परत आणता येईल. ऑड्रीनं तिच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य तिनं गिळून टाकलं.

मग राहिलेला सगळा राग केल्व्हिनच्या वाट्याला आला.

"हे बघ केल्व्हिन. वर्षानुवर्षं खिडकीतून हा माळ बघण्यात त्याचा जीव गेला. शेवटी तर पायऱ्याही उतरता येत नव्हत्या, तरी तोंड इकडेच. आज मी त्याला एवढं चढून आणलंय. माझे गुडघे बोंबलतायत. तू मला धक्के मारून खाली ढकललंस तरच मी परत जाईन. ढकल."

केल्व्हिननं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, घराच्या आत नाही, झुडपांत नाही, भिंतीपलीकडे जिथं उघडी काळी माती आहे तिथं, आणि वाऱ्याकडे पाठ करून. "मी खाली मेंढ्या बघायला जातोय. मी काही पाहिलेलं नाही."

आभार मानायचं ऑड्रीच्या मनात आलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी भांडावं लागलं, याचीच तिला चीड होती.

भिंतीपलीकडे मंडळ अर्धवर्तुळात उभं राहिलं. प्रुडन्सनं कादंबरीचं शेवटचं पान वाचलं आणि मध्येच तिला हुंदका आला. हर्बर्टनं टोपी छातीशी धरली. टेरियर भुंकला तेव्हा चारपाच जणांनी एकदम "शू" केलं.

"भुंकू द्या त्याला," ऑड्री म्हणाली.

तिनं झाकण काढून डबा कलता केला. वाऱ्यानं राख उचलली आणि माळावरून लांब नेली. लायनेलबद्दल दोन शब्द बोल, असं प्रुडन्सनं सुचवलं. ऑड्री ऐकू न आल्यासारखी राखेच्या दिशेनं बघत राहिली.

"जा," एवढंच ती म्हणाली. "धाव हवं तेवढं."

बायका रडल्या. लायनेलवर एवढं प्रेम होतं हिचं, असं हर्बर्ट शेजारणीला म्हणाला.

खाली उतरल्यावर सगळे चहाला निघाले. ऑड्री थांबली नाही. गाडी काढून ती थेट घरी आली आणि अंगातला कोटही न काढता मागच्या अंगणात गेली. तिथं कोळशाची कोठी होती, बिनखिडकीची. मंडळ माळावर निघायचं त्या प्रत्येक रविवारी लायनेल मॉसला तिच्यात कोंडून जायचा. ऑड्रीनं कडी काढली. आत, कोळशाच्या ढिगावर, अंत्यसंस्कारवाल्यांनी दिलेला डबा अजून सीलबंद होता.

"मॉसला माळावर सोडून आले," तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि कडी लावून घेतली.