शेवटच्या ओळीतलं नाव

इंग्रजांनी आमच्या गावात मार्शल लॉ लावला, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. आमच्या शुक्रवार पेठेत रामहरी शाहीर राहायचा. कवनं लई गोड जोडायचा, पण गळा असा की त्यानं तान मारली की भोंगा झाला समजून माणसं डबा घेऊन गिरणीकडं पळायची. खोटं न्हाय सांगत!

म्हणून त्यो दुसऱ्यांना कवनं लिहून द्यायचा. पण मेले गाणारे शेवटच्या ओळीतलं "रामहरी म्हणे" गाळायचे आन् तितं आपलंच नाव घालायचे. एकटी सोजरबाई तेवढी त्याचं नाव खणखणीत घ्यायची.

"सोजरे, तुझ्यामुळंच माझं नाव जितं हाय बघ," असं म्हणत त्यानं तिच्याशीच लगीन लावलं. जन्माची सोय झाली की!

लग्नानंतरच्या पहिल्याच बैठकीला गडी मिशीला पीळ देत पुढंच बसला. शेवटची ओळ आली. "घे की नाव, सोजरे!" त्यानं खुणावलं. सोजरबाईनं डोईवरचा पदर सावरला, गालातल्या गालात लाजली,


आन् सूर लावला, "आमचे हे म्हणे..."