नसीमची जागा

यंत्रांची एक खोड मोडली, तर चंपाबाईला सुपरवायझरची खुर्ची, डोक्यावर पंखा आणि कायमची दिवसपाळी मिळणार होती. सौदा वाईट नव्हता.

गोदामातले यांत्रिक हात तिच्याकडे बघूनच पॅकिंग शिकले होते. सोबत तिची शिस्तही त्यांनी उचलली: ओळीतली प्रत्येक बाई आल्याशिवाय मालाचा पट्टा सुरू करायचा नाही. युनियन काढली म्हणून कंपनीने आज सकाळी ओळीतल्या नसीमला कामावरून कमी केलं, आणि सगळे हात तिच्या रिकाम्या जागेकडे वळून थांबले. ती सवय पुसायला गेलं, तर शिकलेलं सगळं कामच पुसलं जात होतं.

"मावशी, त्यांना शिकवा, नसीम आता येणार नाही," मॅनेजर बेंद्रे म्हणाले.

"खोटं कसं शिकवू साहेब? ती गेटवर उभी आहे की."

"मग खुर्ची विसरा."

"विसरले. उभ्यानेच तर आयुष्य काढलंय."

बाकीच्या बायकाही हाताची घडी घालून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

दुपारी बेंद्रे स्वतः गेटवर गेले आणि नसीमला आत घेऊन आले. ती जागेवर उभी राहिली, तसा पट्टा हलला.

खुर्ची गेली ती चंपाबाईची. अर्ध्या दिवसाचा खाडा मात्र पहिल्यांदाच कंपनीला पडला.