बारीक धार

राजारामपुरीतल्या त्या जुन्या घरात नळाला करंगळीएवढीच धार यायची. घरचं पाणी भरायला स्वप्नाली रोज सकाळी दोन तास अंगणातल्या नळापाशी बसून असायची. शेवटी नवऱ्यालाच, पृथ्वीराजला, तिची दया आली आणि त्यानं प्लंबर बोलावला.

"ऱ्हाऊ दे की वो," ती काकुळतीला आली. "मला न्हाय तरास होत. निदान पंधरा दिवस तरी थांबा!"

"येडी हायस काय?" म्हणत पृथ्वीराजनं गंजलेली पाईप उपटायला लावली आणि एक इंची टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत पिंप, हंडे, कळश्या सगळं काठोकाठ भरलं. लगेच सासूबाईंची हाक आली, "झालं न्हवं पाणी? मग ये, भाकऱ्या थाप."

तिसऱ्या दिवशी अर्धा तास झाला तरी स्वप्नाली नळापाशीच. "अगं, भरलं का?" सासूबाई आतनं ओरडल्या.

"न्हाय वो! धार परत बारीक झालीया!"

 

एवढं ओरडून तिनं मीटरजवळचा कॉक आणखी थोडा आवळला, आणि रद्दीतनं वाचवलेलं बारावीचं पुस्तक पिंपामागनं काढलं; पहिला पेपर बारा दिवसांवर आला होता.