पहाटे फुटणारी गोळी

पौर्णिमानं आज उजाडताना स्वयंपाकघरातला दिवा मुद्दामच लावला नाही. दाराआड उभी राहून ती अंगणात बाजेवर बसलेल्या सासूच्या हातांवर डोळा ठेवून होती.

गोष्ट गोळीची होती. सासूची, पार्बताबाईंची, बोटं सकाळी आखडलेली असायची. ऊन चढेपर्यंत चहाचा कपसुद्धा धरवायचा नाही. अमरावतीच्या डॉक्टरनं नवी गोळी लिहून दिली. रात्री गिळायची, पोटात गुमान पडून राहते आणि पहाटे, दुखणं जागं व्हायच्या आधी फुटते म्हणे. पोटात काय कोंबडा बसवला की काय, असं पौर्णिमाला तेव्हाच वाटलं होतं. महिना उलटला तरी सासूची बोटं आपली तशीच. पौर्णिमाच्या नवऱ्याची, किशोरची, तर खात्रीच झाली की नांदगावच्या मेडिकलवाल्या वाहेदनं नकली माल गळ्यात मारला. आज तो आधी वाहेदची कॉलर धरणार होता आणि मग अमरावतीला जाऊन गोळी दुप्पट करून आणणार होता. जास्त झाली तर हाडं पोकळ करते, असं डॉक्टरनं बजावलं होतं, तरीही.

पौर्णिमाचा संशय मात्र वाहेदवर नव्हता. काल तिला देवघरात ताज्या वाती दिसल्या होत्या. तिनं तर वळल्या नव्हत्या.

पार्बताबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, पदराखालून कापूस काढला आणि तळहातावर वाती वळायला लागल्या. अशा भराभर, की पौर्णिमालाही जमल्या नसत्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्यापायी आपण अंधारात उठून सडा टाकायचा, हिच्या तोंडाला कप लावायचा, आणि ही बया मजेत वाती वळते! पदर खोचून ती निघालीच, तेवढ्यात घरातून सासरे, वामनराव, खाकरत आले. हातात फणी आणि तेलाची बाटली.

पार्बताबाईंनी कापूस मांडीखाली सारला. बोटं वाकडी करून हात मांडीवर ठेवले.

वामनराव म्हणजे कडक माणूस. बायकोच्या बाजेवर टेकलेलं त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं. तिची बोटं आखडली तेव्हा सून बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून वेणीचं काम त्यांच्याकडं आलं, ते अजून त्यांच्याचकडं होतं. ते बायकोमागं बसले.

"दुखते का वं?"

"दुखते नं."

"मान खाली कर."

बैलाचा कासरा वळावा तसे ते पेड घालत होते. केस ओढले जात असणार, पण पार्बताबाई डोळे मिटून बसल्या होत्या. सासूचा एवढा निवांत चेहरा पौर्णिमानं कधी पाहिला नव्हता. तिला हसावं की चिडावं कळेना. राग होता तसाच होता, पण पाय उंबऱ्यापाशी थांबले.

किशोर गोळ्यांची पाकिटं खिशात कोंबत बाहेर आला. "माय, हात कसे हाये आज?"

पार्बताबाईंनी डोळे उघडले आणि नेमकी दारातली सून दिसली. सुनेची नजर मांडीखालच्या कापसावर होती. म्हातारीचं तोंड एवढंसं झालं.

"तू सांग," किशोर बायकोकडं वळला. "गोळी लागू पडली का नाई? नाई तं आज त्या वाहेदचा निकालच लावतो."

पौर्णिमा अंगणात उतरली. "वाहेदभाऊले काहून बोलता? गोळी खरी हाये. लागू पडून राहिली. आई आता आपल्या हातानं चाय पेतीन." मग सासूकडं रोखून पाहत म्हणाली, "उद्यापासून सडा बी त्याच टाकतीन. हो नं, आई?"

"टाकीन," पार्बताबाई पुटपुटल्या.

"मंग दुप्पट नाई कराची?"

"काही गरज नाई. एक वेणी तेवढी जमत नाई त्याईले."

"थे हाये माह्याकडं," वामनराव मान वर न करता म्हणाले, आणि सुटलेला पेड त्यांनी पुन्हा हातात घेतला.