काळजाचा वाटा

शेवंताने विळीवर बसल्या बसल्या तव्यावरचं काळीज लेकीच्या ताटात वाढलं, तसा नवऱ्याचा, दिनकरचा, घास हातातच राहिला. रविवारच्या मटणातलं काळीज फक्त गड्याचं, हा त्याच्या आईचा नियम. ‘त्यानं काळीज घट्ट होतं,’ ती म्हणायची. दिनकरचं तर दगडाचंच झालं होतं. लेकीच्या गालावर सकाळची त्याची बोटं अजून उमटलेली होती.

“पोरीला काळीज? माज आला व्हय गं तुला?”

तो ताट ओढायला वाकला. शेवंताने त्याचं मनगट धरलं आणि विळीच्या पात्यावर दाबलं. चिरलेल्या कांद्यावर रक्त ठिबकलं. दिनकर ओरडला, पण हात ओढून घ्यायची त्याची छाती झाली नाही.

“अहो, हलू नका,” ती हळूच म्हणाली. “लेकीचं जेवण होऊ दे.”